दारचा कडुलिंब आणि घरचा कुत्रा

वर्षप्रतिपदेच्या सकाळी कडुलिंबाची कोवळी पाने ओवा, हिंग, गूळ व मीठ यांसह वाटून घरातील लहानथोरांनी खावयाची, हा आपल्याकडील जुना परिपाठ आहे. कांजिण्यांतून उठलेल्या मुलास याच पानांच्या पाण्याने न्हाऊ घालतात. धान्याच्या साठ्यात आणि लोकरी कपड्यांच्या पेटीत त्याचाच वाळलेला पाला ठेवतात. ज्या झाडाने इतक्या पिढ्या आपल्या घराची पाठराखण केली, त्याविषयी गृहिणीच्या मनात विश्वास असावा हे स्वाभाविकच होय. यास्तव घरच्या कुत्र्याच्या अंगावर गोचिडी दिसू लागल्या, अगर तो रात्रंदिवस अंग खाजवू लागला, म्हणजे प्रथम कडुलिंबाचीच आठवण व्हावी यात नवल नाही.

पूर्वी वैश्वदेवानंतर कुत्र्याचा घास बाहेर टाकला जाई आणि त्याचा मुक्काम अंगणात अथवा फार तर ओसरीवर असे. आता तो माजघरात आला आहे. मुलांच्या अंथरुणाशी निजतो. त्याच्या त्वचेचा विकार हा आता घराचा विकार झाला आहे. अशा वेळी घरगुती उपाय योजू नयेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मात्र 'झाडपाल्याचे औषध, गुण आला तर आला, अपाय तर नाही ना?' हे जे वाक्य घरोघर ऐकू येते, ते जितके सोयीचे आहे तितकेच फसवे आहे. कडुलिंबाने कुत्र्याचे कल्याण होऊ शकते आणि त्याच कडुलिंबाने त्याचा घातही होऊ शकतो. पहिली गोष्ट साधावी आणि दुसरी टळावी, एवढ्याकरिता हा लेखनप्रपंच आहे.

या झाडात आहे तरी काय?

कडुलिंबाची कीर्ती केवळ ऐकीव नाही. चरकसंहितेत खाज शमविणाऱ्या दहा औषधी द्रव्यांचा जो गण सांगितला आहे, त्यात निंबाची गणना आहे. आधुनिक रसायनशास्त्राने या कीर्तीची परीक्षा घेतली. १९४२ साली सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी निंबतेलातून 'निंबिन' नावाचे कडू द्रव्य वेगळे केले. पुढे १९५९ साली सुदान देशात टोळधाड आली असता, टोळांनी सर्व हिरवळ फस्त केली पण कडुलिंबाची झाडे तेवढी सोडून दिली, ही गोष्ट हाइनरिख श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञांच्या नजरेस आली. १९६८ साली इंग्लंडमध्ये निंबोळीच्या बीजातून 'ॲझाडिरॅक्टिन' हे द्रव्य मिळविण्यात आले आणि टोळांच्या अरुचीचे मर्म उकलले.

या द्रव्याची रीत मोठी विलक्षण आहे. ते कीटकास तत्काळ मारीत नाही. ते त्याची भूक मारते, त्याची कात टाकण्याची क्रिया बिघडविते आणि त्याची प्रजा वाढू देत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण कडुलिंबाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही तिच्यातच आहेत. रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड निंबतेलाच्या दोन थेंबांनी गळून पडेल अशी अपेक्षा करणे म्हणजे त्या झाडाकडून त्याच्या स्वभावाबाहेरचे काम मागणे होय.

दुसरी गोष्ट अशी की, हे सत्त्व मुख्यतः बीजात असते, पानात फार थोडे. म्हणून पानांचे पाणी सौम्य आणि बियांचे तेल उग्र. दोहोंस 'कडुलिंब' या एकाच नावाने ओळखण्यामुळे बरेच घोटाळे होतात. १९८१ साली मलेशियातील वैद्यांनी निंबतेल पाजलेल्या तान्ह्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. औषध म्हणून दिलेल्या तेलाने त्या बालकांस ओकाऱ्या, ग्लानी व झटके आले होते. पाडव्याची चार पाने आणि चमचाभर तेल यांत असे अंतर आहे.

कुत्रा म्हणजे लहान माणूस नव्हे

माणसास मानवते ते कुत्र्यास मानवेल, फक्त मात्रा थोडी कमी करावी, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. कांदा व लसूण आपण नित्य खातो. कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी त्यांनी फुटतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यातील मनुका मुलांस हव्याहव्याशा वाटतात. कित्येक कुत्र्यांची मूत्रपिंडे त्यांनी निकामी होतात. खोबरेल तेलात कापूर घालून आपण दुखऱ्या अंगास चोळतो. तोच कापूर कुत्र्याने चाटला तर त्यास आचके येऊ शकतात.

त्वचेचेही तसेच. अंगावर दाट केस असल्यामुळे कुत्र्याचे कातडे जाड असावे असे वाटते. वस्तुतः त्याच्या त्वचेचा वरचा थर आपल्याहून पातळ असतो. म्हणून आपल्या हातास न झोंबणारे तेल त्याच्या पोटाखालच्या उघड्या भागास भाजून काढू शकते. शिवाय वजनाचा विचार हवा. तीन किलोचा पॉमेरेनियन आणि साठ किलोचा ग्रेट डेन ही दोन्ही कुत्रीच. परंतु एकास जी मात्रा किरकोळ तीच दुसऱ्यास विसपट जड.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कुत्रा चाटतो. माणसाच्या अंगास लावलेले औषध अंगावर राहते; कुत्र्याच्या अंगास लावलेले औषध अर्ध्या घटकेत पोटात जाते. कुत्र्याच्या बाबतीत 'बाहेरून लावण्याचे औषध' अशी वस्तूच नाही, असे म्हटले तरी चालेल. जे जे लावावयाचे ते ते तो गिळणार असे गृहीत धरूनच लावले पाहिजे.

आधी झाड ओळखावे

शहरात वाढलेल्या पुष्कळ मंडळींस कडुलिंब आणि बकाण निंब यांतील भेद ठाऊक नसतो. रस्त्याच्या कडेला व बागांतून बकाण निंब शोभेसाठी लावलेला असतो, आणि पाने दुरून सारखीच भासतात. परंतु बकाणाची फळे कुत्र्यास व डुकरास विषारी आहेत. ती खाऊन कुत्री दगावल्याची उदाहरणे पशुवैद्यकाच्या ग्रंथांत नमूद आहेत.

ओळखण्याची खूण सोपी आहे. कडुलिंबाच्या एका देठावर दोहों बाजूंस पानांची एकच रांग असते. प्रत्येक पान कोयत्यासारखे किंचित वाकडे व कडेस दातेरी असते. बकाणाच्या देठास पुन्हा फांद्या फुटून त्यांवर पाने येतात. कडुलिंबाचा मोहोर पांढरा, बकाणाचा जांभळट. कडुलिंबाची निंबोळी लांबट असून पिकताच गळते. बकाणाची गोल पिवळी फळे पाने झडल्यावरही घोसाघोसाने झाडावर लोंबत राहतात. ज्यांच्या अंगणात बकाण असेल आणि कुत्र्याचे पिल्लूही असेल, त्यांनी खाली पडलेली फळे रोज झाडून काढावी. पिल्लू सर्व जगाची परीक्षा तोंडाने करते.

पानांचे पाणी

घरगुती उपयोगासाठी आम्ही प्रथम पानांचेच पाणी सुचवू. स्वच्छ धुतलेली दोन मुठी पाने लिटरभर पाण्यात दहा मिनिटे उकळावी, भांडे झाकून निवू द्यावे आणि पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. कुत्र्यास नेहमीप्रमाणे सौम्य साबणाने स्नान घालून, साबण पुरता निघाल्यावर, हे कोमट पाणी शेवटी मानेपासून शेपटीपर्यंत ओतावे. डोळे, नाक आणि कानांची भोके सांभाळावी. मग अंग पंचाने टिपून कुत्र्यास उन्हात किंवा वाऱ्यावर कोरडे होऊ द्यावे. आठवड्यातून एकवार हे पुरे आहे. रोजच्या स्नानाने त्वचेचा नैसर्गिक स्निग्धांश जातो आणि खाज उलट वाढते. पाणी प्रत्येक वेळी ताजे करावे. दोन दिवसांचे आंबलेले पाणी वापरण्यात काटकसर नाही, धोका आहे.

किरकोळ खाज, पावसाळ्यात दमटपणाने येणारा अंगाचा वास, किंवा पिसवांचा थोडा उपद्रव यांवर एवढ्याने आराम पडतो. हा उपाय स्वस्त आहे, आणि प्रमाण थोडे चुकले तरी सहसा अपाय करीत नाही, हा त्याचा मोठा गुण होय.

तेल वापरावयाचेच तर

निंबतेल निर्भेळ स्वरूपात कुत्र्यास कधीही लावू नये. एक चमचा निंबतेलास निदान दहा चमचे खोबरेल तेल, असे प्रमाण ठेवावे. प्रथम मांडीच्या आतील बाजूस दोन-चार थेंब लावून पूर्ण एक दिवस वाट पाहावी. त्वचा लाल झाली, पुरळ उठले, अगर कुत्रा तीच जागा पुन्हा पुन्हा चावू लागला, तर हा उपाय त्याच्यासाठी नाही असे समजावे. काही न झाल्यास खाजऱ्या जागेपुरतेच बोटाने लावावे. सर्वांगास अभ्यंग करू नये. लावल्यावर अर्धा तास कुत्र्यापाशी बसावे, किंवा पशुवैद्यांकडे मिळणारी नरसाळ्यासारखी कंठी त्याच्या गळ्यात घालावी, आणि मग सौम्य साबणाने तेल धुऊन टाकावे.

तेल कोठून आणले यालाही महत्त्व आहे. पिकांवर फवारण्यासाठी विकल्या जाणाऱ्या निंबतेलात इतर द्रव्ये मिसळलेली असतात. ते जनावराच्या अंगास लावण्यासाठी नव्हे. तसेच ओल लागून बुरसटलेल्या निंबोळ्यांच्या तेलात बुरशीचे विष उतरण्याचा संभव असतो.

पुढील प्राण्यांस हे तेल मुळीच लावू नये: तीन महिन्यांच्या आतील पिल्ले, गाभण अगर पाजती कुत्री, ज्याच्या त्वचेवर उघडी जखम आहे असा कुत्रा, आणि मांजर. मांजर अंग चाटण्यात कुत्र्याहूनही तत्पर असते आणि अनेक द्रव्ये पचविण्याची शक्ती तिच्या यकृतात फार कमी असते. गाभण कुत्रीविषयी सांगावयाचे तर, निंबतेलात गर्भधारणेस विरोध करणारा गुण आहे असे प्रयोगांती दिसून आले आहे.

पोटात देण्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. जंतांवर उपाय म्हणून पानांचा रस अगर तेल कुत्र्यास पाजण्याची चाल काही ठिकाणी आहे, ती सोडावी. जंत अनेक जातींचे असतात, प्रत्येकाचे औषध निराळे, आणि वजनावरून ठरविलेली खात्रीची औषधे आज अल्प किमतीत मिळतात. ज्या कुत्र्यास मधुमेहासाठी इन्सुलिन चालू आहे त्यास तर कडुलिंब कोणत्याही स्वरूपात पोटात जाऊ देऊ नये. रक्तातील साखर उतरविण्याचा गुण त्यात आहे.

कडुलिंबाचे वाईट सोबती

लूत लागलेल्या कुत्र्याच्या अंगास रॉकेल, फिनेल किंवा मोटारीचे जळके ऑइल फासण्याचा प्रकार आपण रस्तोरस्ती पाहतो. दयाबुद्धीने केलेले हे क्रौर्यच आहे. या पदार्थांनी कातडी सोलवटते, आणि चाटल्यावर पोट, फुप्फुस व यकृत यांस इजा होते. तंबाखूचे पाणीही तितकेच घातक. त्यातील निकोटिन त्वचेतूनसुद्धा शरीरात शिरते. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावतात. तिचा कण डोळ्यात गेला तर बुबुळास गंभीर इजा होते, हे माणसांच्या बाबतीतही वारंवार दिसून आले आहे. मग मान झाडणाऱ्या कुत्र्याचे काय सांगावे!

बागेत खत घालणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. निंबोळी पेंड आणि एरंडीची पेंड दुकानात शेजारी शेजारी मिळतात. एरंडीच्या पेंडीत 'रिसिन' नावाचे जालीम विष राहू शकते, आणि तिचा वास कुत्र्यास आवडतो. कुंड्यांत घातलेली ती पेंड उकरून खाल्ल्याने कुत्री मेल्याची उदाहरणे आहेत. ज्या घरी कुत्रा आहे त्या घरी एरंडीची पेंड आणूच नये.

जेथे कडुलिंब हरतो

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. गोचीड केवळ रक्त पीत नाही, ती रोग देते. कुत्र्यावरील तपकिरी गोचिडीच्या दंशाने जे सूक्ष्म जंतू त्याच्या रक्तात शिरतात, त्यांमुळे येणाऱ्या तापास आपल्याकडे गोचीडताप म्हणतात. यातील 'एर्लिकिया' या जंतूचा रोग प्रथम १९३५ साली अल्जीरियात ओळखला गेला. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैन्याची अनेक तालीमबाज कुत्री याच रोगाने नाकातून रक्त वाहून मेली, तेव्हा त्याचे भयानक स्वरूप जगाच्या निदर्शनास आले.

या रोगाची चाल अशी आहे की तीत घरगुती वैद्याची हटकून फसगत व्हावी. गोचीड चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो. कुत्रा खात नाही, कोपऱ्यात पडून राहतो. घरची मंडळी कडुलिंबाच्या पाण्याने स्नान घालतात, गोचिडी वेचतात. दोन ते चार आठवड्यांत ताप पुष्कळदा आपोआप उतरतो, कुत्रा पुन्हा खेळू लागतो, आणि 'आमच्या कडुलिंबाने बरा झाला' अशी वार्ता शेजारीपाजारी जाते. परंतु रोग गेलेला नसतो. तो दडलेला असतो. काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनी, तो हाडांतील मगजावर घाला घालतो. मग नाकातून रक्त येते, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, पोटाच्या कातडीवर तांबडेजांभळे ठिपके दिसतात. त्या वेळी पशुवैद्यांच्या हातीही फारसे काही उरत नाही. पहिल्याच तापात रक्त तपासून डॉक्सिसायक्लिनसारखे औषध सांगितलेले सर्व दिवस पोटात गेले असते, तर बहुतेक कुत्री वाचतात.

म्हणून कडुलिंबाचा मोठा धोका त्याच्या विषात नाही. त्याने वाटणाऱ्या समाधानात आहे. औषध करीत असल्याचे समाधान मिळते आणि मोलाचे दिवस निघून जातात. गोचिडी निघाल्यानंतर महिनाभरात कुत्र्यास ताप आला, त्याने अन्न टाकले, त्याचे मूत्र लालसर अगर चहासारखे दिसले, तर एक दिवसही न दवडता त्यास पशुवैद्यांकडे न्यावे.

लुतीविषयीही हेच. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. एका प्रकारातील किडे केसांच्या मुळाशी खोल राहतात. तेथवर कोणतेही तेल पोचत नाही. दुसऱ्या प्रकारातील किडे घरातील माणसांच्या अंगावरही येऊन खाज आणतात. कोणता प्रकार आहे हे त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळते.

गोचिडीचे खरे घर

गोचीड कुत्र्याच्या अंगावर दिसते, पण तिचा संसार आपल्या भिंतीत असतो. रक्त पिऊन तृप्त झालेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या भेगा, दाराच्या चौकटी, फरशीच्या सांधी यांत हजारो अंडी घालते. त्यांतून सहा पायांची बारीक पिल्ले निघतात, कुत्र्यावर चढतात, उतरतात, कात टाकून पुन्हा चढतात. पूर्ण वाढलेली गोचीड कित्येक महिने उपाशी राहूनही जगते. तेव्हा केवळ कुत्र्यास न्हाऊ घालणे म्हणजे गळक्या छपराखाली नुसती जमीन पुसणे होय. भेगा सिमेंटने बुजवाव्या, कुत्र्याचे अंथरूण दर आठवड्यास उकळत्या पाण्यात धुवावे, आणि कानांच्या पाळ्या, बोटांच्या बेचक्या व गळपट्ट्याखालची जागा रोज तपासावी.

गोचीड काढताना चिमट्याने तिला त्वचेलगत धरून सरळ वर ओढावे. तेल, रॉकेल वा विस्तव लावून ती सोडविण्याचा प्रयत्न करू नये, आणि बोटांनी चिरडू नये. काढलेली गोचीड स्पिरिटमध्ये टाकावी व हात धुवावे. उपद्रव मोठा असेल तर पशुवैद्यांनी वजन पाहून दिलेले गोळीचे वा थेंबांचे औषधच घ्यावे. त्यातही शेजाऱ्याच्या कुत्र्याचे औषध आपल्या कुत्र्यास चालेल असे मानू नये. लुतीवर दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कोली जातीच्या कित्येक कुत्र्यांच्या जिवावर बेतते. त्यामागील आनुवंशिक कारण २००१ साली सापडले.

विपरीत घडल्यास

एवढी काळजी घेऊनही कुत्र्याने निंबतेलाची बाटली सांडून चाटली, तर पुढील लक्षणांकडे लक्ष ठेवावे: तोंडास लाळ येणे, ओकाऱ्या, झोकांड्या खाणे, गुंगी, अंगास झटके. अंगावरील तेल साबणाच्या कोमट पाण्याने तत्काळ धुऊन काढावे आणि बाटली बरोबर घेऊन पशुवैद्यांकडे जावे. मिठाचे पाणी पाजून ओकारी करविण्याचा जुना उपाय करू नये. अधिक मीठ हे कुत्र्यास स्वतःच विष होते, आणि ओकताना तेल फुप्फुसात गेले तर दुहेरी संकट ओढवते.

कुत्र्यास आपली व्यथा सांगता येत नाही, आणि आपण लावलेले औषध नाकारण्याचीही त्याला सोय नाही. जे हातात घेऊन आपण येतो, त्यापुढे तो विश्वासाने मान करतो. तेव्हा कोणती वस्तू, किती, कोठे आणि किती वेळ, या चार प्रश्नांची उत्तरे स्वतःशी दिल्यावाचून त्याच्या अंगास बोट लावू नये. पानांचे पाणी, पातळ केलेले थोडे तेल, भिंतीच्या बुजविलेल्या भेगा आणि ताप दिसताच पशुवैद्यांचे दार, हा क्रम ज्या घरात पाळला जाईल, तेथे अंगणातील कडुलिंब कुत्र्याच्याही उपयोगी पडेल.